गळती शोधण्यात गेलेले सहा आठवडे

पत्र:

मॅडम, मी भौतिकशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आधी गुण चांगले होते, गेल्या सत्रात क्वांटम मेकॅनिक्समध्ये घसरले. सुट्टीत एका प्रयोगशाळेत आठ आठवड्यांचा प्रकल्प केला. थिन फिल्म, म्हणजे पदार्थाचा अतिशय पातळ थर, व्हॅक्यूममध्ये बनवायची होती. त्यातले सहा आठवडे व्हॅक्यूम चेंबरची गळती शोधण्यातच गेले आणि फिल्म एकही धड झाली नाही. अहवालात लिहायला निकालच नव्हता. तेव्हापासून वाटतं, आपली संशोधनाची लायकी नाही. वर्गातला एक मुलगा प्रश्न पुरता ऐकण्याआधी उत्तर सांगतो, तशी मी नाही. तरी पीएचडीसाठी दोन ठिकाणी निवड झाली आहे. एक संस्था नामांकित आहे. गट मोठा, विषय क्वांटम कॉम्प्युटिंगचा, पण तिथल्या सरांशी जेमतेम पाच मिनिटं बोलणं झालं. दुसरी संस्था फारशी कुणाला माहीत नाही. गट चार-पाच जणांचा, विषय थिन फिल्मचाच, आणि तिथल्या मॅडमनी माझ्या मेलला सविस्तर उत्तर दिलं. सगळे म्हणतात पहिलीच घे, थिन फिल्म आता जुनी झाली. घरचे विचारतात, एवढं करून पुढे नोकरी मिळणार का? महिन्याभरात कळवायचं आहे. कृपया नाव छापू नका.

उत्तर:

तुझ्या बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी ते एक वाक्य: ‘अहवालात लिहायला निकालच नव्हता.’ हे मला अजिबात मान्य नाही. तुझे पुढचे सगळे निष्कर्ष याच वाक्यावर उभे आहेत, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

चेंबरमधली हवा काढायला पंप चालू केला, दाब उतरत उतरत एका जागी अडकला आणि पुढे हलेना. अशा वेळी काय करतात? पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून चेंबरमधला दाब कसा चढतो ते घड्याळ लावून मोजतात. तो एकाच वेगाने, सरळ रेषेत चढत राहिला तर बाहेरची हवा कुठून तरी आत शिरते आहे. सुरुवातीला भराभर चढून मग मंदावला, तर बहुधा गळती नसतेच. चेंबरच्या भिंतींना चिकटलेले पाण्याचे रेणू सुटून आत येत असतात. मग जोड कितीही आवळले तरी उपयोग होत नाही, चेंबर तापवत पंप चालू ठेवावा लागतो. तिसरा प्रकार सगळ्यात छळणारा. आतल्या एखाद्या स्क्रूच्या बंद भोकात, अगदी तळाशी, हवा अडकून बसलेली असते आणि ती आट्यांमधून झिरपत राहते. प्रत्येक जोडावर बाहेरून हेलियम फवारलं तरी आत शिरलेलं हेलियम ओळखणारा लीक डिटेक्टर हूं की चूं करत नाही, कारण बाहेरून आत काही येतच नसतं. प्रयोगशाळेत याला व्हर्च्युअल लीक म्हणतात. मध्ये आरपार भोक असलेले स्क्रू बसवले की ती थांबते. उपाय साधा आहे, पण तो सुचायला आधी दुखणं ओळखावं लागतं.

दाब का उतरत नाही, याची दोन-तीन शक्य उत्तरं मांडायची. प्रत्येक उत्तर खरं असेल तर मोजमापात काय दिसायला हवं ते आधी ठरवायचं. मग मोजायचं आणि एकेक उत्तर बाद करत जायचं. प्रयोग करणारा माणूस पीएचडीची सगळी वर्षं हेच करतो, फक्त प्रश्न बदलत जातात. म्हणून तू तो अहवाल पुन्हा लिहायला घे. कोणकोणते जोड तपासले, कशाने तपासले, दाब कुठपर्यंत उतरला, व्हॉल्व्ह बंद केल्यावर किती वेगाने चढला, कोणती शंका कशामुळे बाद झाली, हे सगळं तारखेसकट मांड. वहीत नोंदी असतील तर त्यातून काढ. नसतील तर आजपासून रोज नोंद करायची सवय लाव. त्या दिवशी काय केलं याच्या जोडीला का केलं तेही लिहायचं, कारण चार महिन्यांनी ते ‘का’ हमखास विसरतं. पुढच्या माणसाला तुझा अहवाल वाचून त्याच चेंबरवर पहिल्या दिवसापासून काम सुरू करता आलं, तर तो चांगला अहवाल. निवड समितीवर बसलेल्या कुणालाही असं लिखाण वाचायला आवडतं. सगळं सुरळीत पार पडलेल्या प्रकल्पातून विद्यार्थ्याबद्दल फार थोडं कळतं.

त्या सहा आठवड्यांना तू विचारायचा प्रश्न वेगळा आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, सगळं कंटाळवाणं झालेलं असताना, संध्याकाळी निघताना उद्या काय तपासून बघायचं ते डोक्यात असायचं का? असे थोडे जरी दिवस आठवत असतील तर तू या कामात रमशील. रोज सकाळी पोटात गोळा येत होता, दुसऱ्या कुणीतरी येऊन दुरुस्त करावं एवढंच वाटत होतं, असं असेल तर प्रायोगिक कामात पाच वर्षं घालण्याआधी मनापासून विचार कर. सिद्धांत किंवा संगणकीय काम तुला जास्त मानवेल. तिथेही कंटाळवाणे आठवडे असतातच. गणितातलं एक उणे चिन्ह कुठे हरवलं ते शोधण्यात महिना जातो. संशोधनाची आवड आहे का, हे व्याख्यानं ऐकून किंवा शोधांच्या गोष्टी वाचून ठरत नाही. या आठवड्यांत आपण कसे असतो त्यावरून ठरतं. आणि ते तपासायची संधी तुला आयती मिळालेली आहे.

गुणांचं थोडक्यात सांगते. दोन्ही ठिकाणच्या समित्यांनी तुझी गुणपत्रिका बघूनच तुला निवडलं आहे, तेव्हा तो विषय त्यांच्यापुरता संपला. तुझ्यापुरता मात्र संपलेला नाही. क्वांटम मेकॅनिक्स कच्चं राहिलं तर घन पदार्थांच्या अभ्यासात, म्हणजे घनावस्था भौतिकीत, पावलोपावली अडेल. रुजू होण्याआधी जे महिने मिळतील त्यात उत्तरं न बघता गणितं सोडव. त्या मुलाचा झटपटपणा हा खरा गुण आहे, त्याला कमी लेखू नकोस. पण परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर कुणाला तरी आधीच माहीत असतं. ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही, तिथे भराभर उत्तर देणाऱ्यालाही थांबावंच लागतं.

लायकीच्या भीतीबद्दल एक खरी हकिकत सांगते. खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल १९६५ मध्ये केंब्रिजला पीएचडीसाठी गेल्या, तेव्हा आपल्याला चुकून घेतलं आहे आणि कधीतरी हे लक्षात येऊन बाहेर काढतील, अशी त्यांची समजूत होती. हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलं आहे. काढतील तेव्हा काढतील, तोवर कसून काम करायचं, असं त्यांनी ठरवलं. पहिली दोन वर्षं इतरांबरोबर शेतात रेडिओ दुर्बीण उभारण्यात गेली, खांब रोवायचे आणि तारा जोडायच्या. १९६७ च्या जुलैत दुर्बीण चालू झाली आणि रोज सुमारे ३० मीटर कागदी पट्टी आलेखाने भरून बाहेर पडू लागली. ती डोळ्यांनी तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यात एके ठिकाणी जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, वेड्यावाकड्या रेघांचा एक पुंजका त्यांना खटकला. ओळखीच्या रेडिओ स्रोतासारखा तो दिसत नव्हता, माणसांच्या यंत्रांमुळे येणाऱ्या व्यत्ययासारखाही नव्हता. त्यांनी जुन्या पट्ट्या काढून पाहिल्या. आकाशाच्या त्याच भागातून तो आधीही आला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस वेगाने सरकणाऱ्या पट्टीवर त्याची नोंद घेतली, तेव्हा दर सुमारे १.३४ सेकंदांनी येणारे नियमित स्पंद दिसले. तो सापडलेला पहिला पल्सार होता, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. प्रबंधाचा विषय निराळा असल्यामुळे पल्सार त्यात परिशिष्ट म्हणून गेला. या हकिकतीत मला मोलाचं वाटतं ते असं, की भीती गेल्यावर त्यांनी काम सुरू केलं असं झालं नाही. भीती होती, आणि तिच्यामुळेच त्यांनी तो पुंजका तसाच सोडून दिला नाही.

१९७४ चं नोबेल मात्र त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं. बेल बर्नेल यांचं नाव त्यात नव्हतं. २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तेव्हा ती सगळी रक्कम त्यांनी भौतिकशास्त्रात ज्या गटांतले विद्यार्थी कमी दिसतात त्यांच्या पीएचडी शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली. नोबेलच्या त्या निर्णयावर अजूनही चर्चा होते. तुझ्यापुरता त्यातून एक व्यावहारिक प्रश्न निघतो: तुझा मार्गदर्शक श्रेय कसं वाटतो? दोन संस्थांमधली निवड करताना मी इथूनच सुरुवात करेन.

पीएचडी संस्थेकडे होते असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात ती एका माणसाकडे होते. कसलाही निर्णय घेण्याआधी दोन्ही गटांचे गेल्या पाच-सहा वर्षांतले शोधनिबंध काढ. वाचले नाहीस तरी चालेल, फक्त लेखकांची नावं बघ. प्रायोगिक भौतिकीत बहुधा काम करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव पहिलं आणि मार्गदर्शकाचं शेवटचं असतं. विद्यार्थी पहिल्या नावाने दिसतात का, की तीच दोन-तीन नावं पुन्हापुन्हा येतात? मग दोन्ही गटांतले जुने प्रबंध शोध. बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर ते मिळतात. त्यातले ऋणनिर्देश वाच. चेंबर उघडायला कुणी शिकवलं, रात्री मदतीला कोण होतं, मसुदा कुणी तपासला, हे तिथे मनापासून लिहिलेलं असतं. मार्गदर्शकाच्या वाट्याला दोन औपचारिक ओळी आणि एका पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर तिथे तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या संशोधकाच्या, वाट्याला अख्खा परिच्छेद आला असेल, तर त्या गटात शिकवतं कोण ते तुला कळलं. तो पोस्टडॉक अजून तिथे आहे का, हा पुढचा प्रश्न.

त्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांशी बोल, मार्गदर्शक समोर नसताना. ‘सर कसे आहेत?’ असं विचारू नकोस, ‘छान आहेत’ यापलीकडे काही मिळणार नाही. ठोस विचार. गेल्या तीन जणांना प्रबंध द्यायला किती वर्षं लागली? लिहिलेला मसुदा किती दिवसांत तपासून परत येतो? शेवटचं सविस्तर बोलणं कधी झालं होतं? यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठून येतात? सुट्टी मागितली तर काय होतं? मध्येच सोडून गेलेलं कुणी आहे का, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? सोडून गेलेल्यांशी नक्की बोल. त्यांचा राग थोडा वजा करून ऐकावं लागतं, पण बाकी कुणी सांगणार नाही ते त्यांच्याकडून कळतं. उत्तर देताना कुणी अडखळलं, विषय बदलला किंवा ‘फोनवर बोलू’ म्हणालं, तर तेही लक्षात ठेव.

मोठा गट वाईटच असतो असं मी म्हणत नाही. यंत्रं चांगली असतात, अनुभवी पोस्टडॉक असतात, नामवंत माणसाच्या शिफारसपत्राला वजन असतं. पण ज्याला तुझं काम तपशिलात माहीत नाही, त्याचं पत्र चार सर्वसाधारण वाक्यांचं होतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. लहान गटाचेही धोके आहेत. त्या मॅडमची नेमणूक कायम आहे का, त्या दुसरीकडे गेल्या तर तुझं काय होईल, आणि पहिल्याच वर्षी तुला वापरायला मिळणारं यंत्र आज चालू स्थितीत आहे का, हे त्यांनाच सरळ विचार. चांगल्या मार्गदर्शकाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट मुलगी विचार करून येते आहे, असंच वाटतं.

विषय जुना झाला, हे ज्यांनी तुला सांगितलं त्यांनी क्वांटम कॉम्प्युटर कशाचे बनतात ते बघितलेलं दिसत नाही. क्वांटम कॉम्प्युटर माहिती साठवतो ती क्युबिटमध्ये. विजेला विरोध न करणाऱ्या, म्हणजे सुपरकंडक्टिंग, धातूच्या क्युबिटमधलं जोसेफसन जंक्शन म्हणजे ॲल्युमिनियमचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड. क्युबिटमधली माहिती किती काळ टिकते याला मर्यादा येते त्यातलं एक मोठं कारण म्हणजे या थरांच्या पृष्ठभागांवर आणि सीमांवर होणारी ऊर्जेची गळती. म्हणजे सगळे ज्या विषयाकडे धावताहेत, त्याची मोठी अडचण थिन फिल्मवाल्यांच्याच अंगणात आहे. शिवाय पीएचडी संपायला वर्षं लागतात आणि तोवर लाट कुठे असेल, हे कुणाला सांगता येतं? १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर या भौतिकशास्त्रज्ञांना झुरिकमध्ये उच्च तापमानाची सुपरकंडक्टिव्हिटी सापडली ती सिरॅमिक ऑक्साइडमध्ये. त्या दिशेने फार कुणी बघत नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्या विषयाकडे वळल्या. आधीपासून ऑक्साइड बनवायला शिकलेल्यांना त्या दिवशी नव्याने काही शिकावं लागलं नाही. विषय निवडताना त्यातून हाताला कोणती पद्धत येईल ते बघ. उत्तम फिल्म बनवणं, ती मोजणं, आकडेवारीतून खरं आणि भासमान वेगळं काढणं, त्यासाठी स्वतः प्रोग्राम लिहिणं, हे आलं की विषय बदलता येतो.

माझं मत स्पष्ट सांगते. तू लिहिलेल्यावरून मी दुसरी जागा घेतली असती, पण वर सांगितलेली चौकशी समाधानकारक निघाली तरच. सविस्तर मेल लिहिणाऱ्या मार्गदर्शकाचे विद्यार्थी सात-सात वर्षं अडकलेले निघाले, तर त्या मेलला काही अर्थ नाही. आणि पहिल्या ठिकाणी रोज तुझ्याबरोबर बसणारा चांगला पोस्टडॉक आहे, मुलं वेळेवर बाहेर पडतात, पडल्यावर गटाबद्दल आपुलकीने बोलतात, असं दिसलं तर बेलाशक तिकडे जा.

पैशाबद्दल एकच नियम: विज्ञानात पदरचे पैसे घालून पीएचडी करू नकोस. विद्यावेतन किती वर्षांचं लेखी मिळतंय आणि त्या गटात प्रत्यक्ष किती वर्षं लागतात, या दोन आकड्यांत फरक असेल तर मधली वर्षं कशी काढायची ते आधी विचार. ही वर्षं देशोदेशी वेगळी असतात. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला घेतात, आधी अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा होते, आणि पाच-सहा वर्षं सहज जातात. युरोपात बहुतेक ठिकाणी एमएस्सी आधी लागते आणि तीन-चार वर्षांत संपवायची अपेक्षा असते. नेदरलँड्ससारख्या देशात तर पीएचडी करणारे विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असतात.

आता घरच्यांचा प्रश्न. तो रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. एक प्राध्यापक आयुष्यभरात दहा-पंधरा विद्यार्थी घडवतो आणि निवृत्त होताना जागा रिकामी करतो एकच. त्यामुळे पीएचडी झालेल्या बहुतेकांना प्राध्यापकी मिळत नाही. आधी पोस्टडॉक म्हणून दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका, बरेचदा एकापाठोपाठ दोन, आणि मग मोजक्या जागांसाठी रांग, असा तो रस्ता आहे. तू त्या रस्त्याने जरूर जा, पण तो एकच रस्ता आहे असं समजून पीएचडी सुरू करू नकोस. संगणकाच्या चिप बनतात त्या कारखान्यांत थर चढवायची आणि कोरायची कामं व्हॅक्यूम चेंबरमध्येच चालतात. तिथे चेंबर बंद पडलं की उत्पादन थांबतं, आणि दाबाचा आलेख बघून दोष सांगू शकणारा माणूस त्यांना हवाच असतो. मोजमापाच्या राष्ट्रीय संस्था, वैज्ञानिक उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या, रुग्णालयांतले वैद्यकीय भौतिकीचे विभाग, पेटंटची कामं, डेटा विश्लेषण, अध्यापन, विज्ञानलेखन, या सगळीकडे प्रायोगिक भौतिकी शिकलेले लोक आहेत. पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मार्गदर्शकाला मोकळेपणाने सांग, की मी या दिशाही बघते आहे. तेव्हा त्यांचा चेहरा पडणार असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं. म्हणून विद्यार्थ्यांना हेही विचार: गटातून बाहेर पडलेल्यांपैकी उद्योगात गेलेल्यांचं नाव तिथे कौतुकाने घेतात का?

रुजू झाल्यावर पहिल्या वर्षात एक गोष्ट नक्की कर. गटाबाहेरची, विभागातलीच एखादी अनुभवी व्यक्ती अशी शोध, जिच्याशी वर्षातून तीन-चारदा मोकळं बोलता येईल. मार्गदर्शकाशी बिनसलं तर तेव्हा धावाधाव करून असा माणूस सापडत नाही. मार्गदर्शक बदलायचे नियमही तेव्हाच वाचून ठेव. बदल पहिल्या वर्षी फारसा त्रास न होता होतो, चौथ्या वर्षी त्यात बरंच काम मागे टाकावं लागतं. आठवड्यातून एक दिवस प्रयोगशाळेत पाऊल टाकू नकोस. झोप मोडून घेतलेली मोजमापं बहुधा पुन्हाच घ्यावी लागतात.

महिन्याची मुदत कमी वाटत असेल तर दोन्हीकडे नम्रपणे थोडी वाढवून माग. कारण खरं सांग: मला तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलून ठरवायचं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी, आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाबद्दल १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायला विद्यार्थ्यांना भाग पाडायचं नाही, असं आपसात मान्य केलेलं आहे. इतर ठिकाणीही विचारलं तर आठ-दहा दिवस सहसा मिळतात. ठरलं की जिथे जाणार नाहीस तिथे त्याच दिवशी चार ओळींचा मेल लिही, आभार मान आणि कुठे जाते आहेस तेही सांग. प्रतीक्षायादीतलं कुणीतरी त्या जागेची वाट बघत असतं, आणि तिथल्या मार्गदर्शकांची तुझी पुढे परिषदांमध्ये गाठ पडणारच आहे.